उलटे हँगर

गेल्या वर्षी एक जानेवारीला मी कपाटातले सगळे हँगर उलटे टांगले. आकड्याचं तोंड भिंतीकडे नाही, माझ्याकडे. कपडा घातला, धुऊन-इस्त्री होऊन परत आला, की तो सुलट टांगायचा. वर्ष संपताना जे हँगर उलटेच असतील त्यांच्यावरचे कपडे वर्षभरात एकदाही अंगाला लागले नाहीत, हे सिद्ध. युक्ती माझी नाही. आवराआवरी या विषयावर लिहिणारे लोक ती बरीच वर्षं सांगत आलेत. मला ती आवडली, कारण तिच्यात आपल्या स्मरणशक्तीवर किंवा प्रामाणिकपणावर काहीच अवलंबून नाही. लॉग ठेवायचा आणि शेवटी तो वाचायचा. आमच्या धंद्यात याहून फार वेगळं काही नसतं.

३१ डिसेंबरच्या रात्री मोजले. ५२ पैकी ३१ उलटे. घडी घालून ठेवलेल्या टी-शर्टांची मोजदाद त्याहून सोपी होती. चळत म्हणजे शेवटी स्टॅकच, सगळ्यात शेवटी ठेवलेला सगळ्यात आधी बाहेर येतो. वरचे पाच टी-शर्ट आळीपाळीने धुतले जाऊन विटले होते आणि तळातले अकरा, हॅकेथॉनमध्ये फुकट मिळालेले, दुकानातल्यासारखे घडीबंद होते. एकूण ४२. हे ४२ कपडे माझे आहेत का, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की यांचं करायचं काय.

आधी ते होते कसे, तर तुमच्याकडे असतील तसेच. रूममेटच्या लग्नासाठी शिवलेला जोधपुरी. सेलमध्ये दोनावर एक मिळालेल्यांपैकी तो तिसरा. मी ३२ कमरेचा होतो तेव्हाच्या चार पँटी, ज्या मी पुन्हा ३२ कमरेचा होईन म्हणून ठेवल्या होत्या. आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला घातलेला फिकट निळा शर्ट, ज्याची कॉलर आता माझ्या गळ्याला बसत नाही. जावासारख्या भाषेत मेमरी आवरायला गार्बेज कलेक्टर नावाची यंत्रणा असते. एखाद्या वस्तूकडे प्रोग्राममधून कुठूनही पोहोचता येत नसेल तर तो ती वस्तू काढून टाकतो. पण पोहोचता येतंय आणि तरी पुन्हा कधीच वापरली जाणार नाही, अशी वस्तू त्याला ओळखता येत नाही. तिला तो हात लावत नाही. अशा वस्तू साठत जातात आणि प्रोग्राम हळूहळू गुदमरतो, त्याला आम्ही मेमरी लीक म्हणतो. निळ्या शर्टाकडे माझ्या डोक्यातून एक वाट अजून जात होती. फक्त त्या वाटेने मी शर्ट घालायला जाणार नव्हतो.

मारी कोंडोचं पुस्तक मी वाचलेलं आहे. जपानीत ते २०११ साली आलं, इंग्रजीत २०१४ साली, आणि २०१९ साली नेटफ्लिक्सवर तिची मालिका आल्यावर माझ्या ऑफिसातले निम्मे लोक टी-शर्टाची उभी घडी घालायला शिकले. तिची पद्धत अशी, की घरातले सगळे कपडे एका ठिकाणी ढीग करून ओता. मग एकेक हातात घ्या आणि यामुळे मनात आनंदाची ठिणगी पडते का ते पाहा. पडली तर ठेवा. नाही पडली तर त्या कपड्याचे आभार माना आणि त्याला निरोप द्या. (तिसरं मूल झाल्यावर आपलंही घर आता तितकंसं आवरलेलं नसतं असं ती २०२३ साली म्हणाली, तेव्हा मला ती जास्त आवडली.) या पद्धतीची चेष्टा करणं सोपं आहे, मला ती करायची नाही. निळ्या शर्टाचे मी खरोखरच आभार मानले, खोलीत कोणी नव्हतं. पण ढिगासमोर बसल्यावर लक्षात आलं की या सगळ्या कार्यक्रमात माणूस एकच आहे, तो म्हणजे मी. आनंद माझा, आभार माझे, हलकं वाटणंही माझंच. कपडा दाराबाहेर गेला की गोष्ट संपली. तिथून तो कुठे जातो, कोणाच्या हातात पडतो, त्या हाताला काय वाटतं, याबद्दल जवळजवळ काही नाही.

मराठीत आपण नुसतं ‘दिले’ म्हणत नाही, ‘देऊन टाकले’ म्हणतो. जेवण देऊन टाकलं असं कोणी पाहुण्याबद्दल म्हणणार नाही. आहेरही कोणी देऊन टाकत नाही. जुने कपडे मात्र देऊन टाकायचे असतात. त्या ‘टाकले’मध्ये सगळं आलं. मला हे शब्दाने कळायच्या आधी अंगावर कळलेलं होतं.

मी बार्शीचा. आमच्या घरात कपड्याला चार आश्रम असायचे. आधी तो बाहेरचा, मग घरातला, मग फडकं, मग पोतेरं. आजीच्या सुती लुगड्यांना याहून वरचा मार्ग होता, त्यांची गोधडी व्हायची. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा तिची पहिली दुपटी आजीच्या लुगड्याचीच होती. नवं कापड बाळाला टोचतं, वापरून मऊ झालेलंच हवं, असं आजी म्हणायची, आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नव्हता. उलट मानच होता. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचं वापरणं हे मुळात अपमानाचं नाही.

आणि मग आत्याची पिशवी. आत्या पुण्याला. दर दिवाळीला तिच्याकडून साड्यांच्या दुकानाच्या दोन मोठ्या पिशव्या यायच्या, आतेभावाला लहान झालेल्या कपड्यांच्या. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. चांगले कपडे असायचे, बार्शीत मिळणार नाहीत असे. आत्या मनाने फार चांगली, हे आजही म्हणेन. आठवीत असताना सोलापूरला एका लग्नात मी त्यातलाच एक चेक्सचा शर्ट घालून गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत आतेभाऊ समोरून आला आणि आनंदाने ओरडला, “अरे, हा माझा शर्ट!” त्याला खरंच आनंद झाला होता. जुना मित्र भेटावा तसा. आजूबाजूचे हसले, तेही वाईट हेतूने नाही. मी जिलबी अर्धी टाकून उठलो. घरी आल्यावर आईला म्हणालो, आता मी यातलं काही घालणार नाही. आई काही बोलली नाही. पिशव्या येत राहिल्या, माझ्या अंगावर आल्या नाहीत, आणि त्यांचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

आजीच्या लुगड्यात आणि आत्याच्या पिशवीत फरक काय, यावर मी नंतर बराच विचार केला आहे. दोन्ही प्रेमाने आलेले. फरक असा, की आमच्याकडून पुण्याला कधीच पिशवी गेली नाही. जाऊच शकत नव्हती. कपडा एकाच दिशेने यायचा आणि ती दिशा वरून खालीच होती. आणि दुसरं म्हणजे ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. आईने एकदा जरी नको म्हटलं असतं तर ती गर्विष्ठ ठरली असती.

तर ४२ कपड्यांपैकी शर्ट-पँटी आणि बरेचसे टी-शर्ट मी एका मोठ्या पिशवीत भरले आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना दिले. धुऊन, इस्त्री करून दिले, याचा मला अभिमान होता. त्यांचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा आहे. मावशी म्हणाल्या, “ठेवा तिथं दादा, जाताना नेते.” पंधरा दिवसांनी त्या एक नवाकोरा स्टीलचा डबा घेऊन आल्या, चांगला मोठा, कडीचा. ओट्यावर ठेवून हसत म्हणाल्या, “तुमच्या कपड्यांवर आला बघा.” वस्तीत भांडीवाली येते, तिला सगळे कपडे दिले. पोराला नाही बसले का, मी विचारलं. “बसले असते. पण तो नाय घालत असलं.”

मी “छान आहे डबा” म्हणालो आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसलो. आणि मला राग आला होता. इथे मला प्रामाणिक राहायला हवं, कारण या लेखात पणाला लागलेली गोष्ट तो रागच आहे. मी मनात तो जोधपुरी त्या मुलाच्या अंगावर पाहिला होता. कुठल्या तरी लग्नात, मुलगा छान दिसतोय. मी इस्त्री केली होती. आणि त्यांनी ते भांड्यावर घातले! हे सगळं मनात चाललेलं असताना मला सोलापूरची पंगत आठवली नाही, हे विशेष. ती आठवली रात्री, आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा.

आई हसायलाच लागली. म्हणाली, “मग मी काय करत होते?” मी गप्प. “तू घालायचा बंद झालास, तर काय फेकून देणार होते का चांगले कपडे? बोहारणीला देत होते. ती मोठी परात कशावर आली वाटतं तुला?” त्या परातीत मी वर्षानुवर्षं आईला कणीक मळताना पाहिलेलं आहे. आत्या फोनवर विचारायची, बसला का गं त्याला तो शर्ट? आई सांगायची, हो, अगदी मापाचा. आत्याला बरं वाटायचं. आई म्हणाली, “तिचं समाधान, आपली परात.”

आवडत नसलेले कपडे देऊन टाकण्यात नैतिक प्रश्न काय असू शकतो, असं वाटेल. पण शंभर वर्षांपूर्वी दोन मोठ्या माणसांमध्ये जवळपास याच मुद्द्यावर जाहीर मतभेद झाले होते. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला गांधींनी परदेशी कपड्यांची मोठी होळी केली. रवींद्रनाथ ठाकुरांना हे पटलं नाही. त्यांनी त्या ऑक्टोबरात ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये लिहिलं. त्यांच्या अनेक मुद्द्यांपैकी एक असा, की हे कपडे जाळायला ते माझे आहेतच कुठे? ज्यांना अंग झाकायला काही नाही त्यांचे ते आहेत. हा युक्तिवाद फार जुना आहे. चौथ्या शतकात कॅपाडोशियातल्या बेसिल नावाच्या ख्रिस्ती बिशपने श्रीमंतांना हेच सुनावलं होतं, की पेटीत न वापरता ठेवलेला अंगरखा उघड्या माणसाच्या मालकीचा आहे. या हिशेबाने माझे ३१ उलटे हँगर म्हणजे ३१ जणांचं मी अडवून ठेवलेलं देणं. मला हे वाचून बरं वाटलं होतं, कारण पिशवी भरून दिली की देणं फिटतं.

गांधींनी १३ ऑक्टोबरच्या ‘यंग इंडिया’त उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उघड्या माणसाला माझे नको असलेले कपडे देणं हा त्याचा अपमान आहे. त्याला हवंय ते काम. मला लाज वाटते म्हणून मी जे उतरवतो, ते त्याच्या अंगावर कसं घालू? हे लिहिणाऱ्याने तीन आठवडे आधी, २२ सप्टेंबरला मदुराईत, स्वतःचा सदरा आणि टोपी उतरवून पंचा नेसायला सुरुवात केली होती, म्हणून ते नुसतं लिहिणं नव्हतं. कापड जाळणं मला आजही पटत नाही. भर थंडीत उघड्या असलेल्या माणसाला अपमानाचं तत्त्वज्ञान ऐकवणं तर त्याहून नाही. पण पंगतीतून उठलेल्या आठवीतल्या मुलाला विचाराल तर तो गांधींच्या बाजूने हात वर करील.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक थर आहे आणि तो वगळून कपडे देण्याबद्दल बोलता येत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जुने कपडे द्यावेत असं सांगितलं आहे, आणि त्याच अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांचे कपडे वापरावेत असंही. म्हणजे उतरलेला कपडा देणं ही इथे निव्वळ दया नव्हती. कोण कुठे उभं आहे हे रोज दाखवत राहण्याची ती व्यवस्था होती. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं गेलं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना नेसण्याबद्दल सांगितलं, की तुमच्या लुगड्यावरून तुमची जात ओळखू येते, ती पद्धत सोडा, नीट पायघोळ नेसा. आपण अंगावर काय घालायचं हे दुसऱ्याने उतरवलेल्यावरून ठरणार नाही, हे त्यात होतं. आमच्या घरी हा थर नव्हता. आम्ही गरीब नातेवाईक होतो, तेवढंच. तरी जिलबी अर्धी राहिली. ज्यांच्या घरी तो होता, त्यांच्याकडे पिशवी येताना काय होत असेल याचा अंदाज करायला मी बसत नाही.

अंशु गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने यातून एक वाट काढली आहे. तिथे गावकरी स्वतःच्या गावाचं काम ठरवतात, विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्याचा मोबदला म्हणून शहरातून आलेल्या कपड्यांचा संच घेतात. म्हणजे कपडा रवींद्रनाथांचा, अट गांधींची. २०१५ साली गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी उरलेले कपडे तिथे द्यायचं ठरवलं आहे आणि ते अजून दिलेले नाहीत, हेही सांगून ठेवतो.

पण त्या रात्री आईचा फोन ठेवल्यावर मी विचार करत होतो तो बोहारणीचा. लहानपणी बार्शीत ती आमच्या ओट्यावर बसायची, बाजूला पाटीत भांडी. आईने दिलेली पँट दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायची. बसायच्या जागी विरली आहे का, चेन चालते का, कॉलर फाटली आहे का, सगळं पाहायची. आणि निम्मे कपडे बाजूला भिरकावायची. आई म्हणायची, अहो, एकदाच घातलाय. ती म्हणायची, “ताई, याला कोण घेतंय?” आईला तिचा राग यायचा, आणि तरी पुढच्या वेळी आई तिलाच हाक मारायची. मुंबईत हे काम करणाऱ्या कित्येकजणी मूळच्या गुजरातच्या देवीपूजक समाजातल्या, घरोघर फिरून जमवलेले कपडे शिवून, उसवून, धुऊन पुन्हा बाजारात विकणाऱ्या. त्यांना कोणी पर्यावरणाचा पुरस्कार दिल्याचं ऐकिवात नाही. पण माझ्या कपड्याच्या सगळ्या प्रवासात ‘नको’ म्हणू शकणारी ती एकटीच. मला ती आभार मानत नाही. मीही तिचे मानत नाही. परात आणि शर्ट एकमेकांसमोर ठेवले जातात आणि दोघींना वाटतं आपण थोडे ठकलो.

दान घेणाऱ्या पेट्यांना हे जमत नाही, त्या सगळंच गिळतात. अक्राच्या कांटामांटो बाजारात पश्चिमेकडून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ अशा अर्थाचं नाव आहे. इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल, हा त्यामागचा तर्क. आपल्याकडे पानिपतला असेच गठ्ठे येतात. तिथे लोकरी कपडे रंगानुसार वेगळे करून, गुंड्या आणि चेनी काढून, फाडून त्यांचा धागा करतात आणि त्यातून स्वस्तातली ब्लँकेटं विणतात. तिथे निदान कपडा कोणाचा होता हे कोणी ओळखू शकत नाही. “अरे, हा माझा शर्ट” म्हणायला शर्टच उरत नाही. मला पानिपत फार दयाळू गाव वाटतं.

मावशींना तो डबा मिळाल्यानंतर महिनाभराने मी पुन्हा विचारलं. या वेळी पिशवी भरली नाही. उरलेले कपडे पलंगावर पसरले आणि म्हणालो, मावशी, यातलं काही हवं असेल तर बघा, नको असेल तर नको. मुलाला घेऊन या, तो बघेल. त्या मुलाला घेऊन आल्या नाहीत. स्वतःच आल्या, हात पुसत पुसत पाहिलं, दोन-तीन उचलून खाली ठेवले, बोहारीण ठेवते तसेच. म्हणाल्या, “नको दादा, हे राहू द्या.” मला हलकं वाटलं. मग दाराकडे जाता जाता थांबल्या.

“तुमचं ते काळं जर्किन आहे ना, ते द्याल का? पोराची पहाटची शिफ्ट लागलीय. गाडीवर लई गार लागतं.”

ते जर्किन दारामागे खुंटीवर असतं. त्याला हँगरच नाही. हिवाळाभर रोज ऑफिसला मी तेच घालतो. “बघतो,” मी म्हणालो. “बघा,” त्या म्हणाल्या, आणि पोळ्यांकडे वळल्या. याला आता बारा दिवस झाले. त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. आज सकाळी गार होतं, मी तेच घालून ऑफिसला आलो.